ओपन सोर्स प्रोजेक्टला माणसं येतात, पण पीआर (पुल रिक्वेस्ट, बाहेरून आलेला कोडमधला बदल) बघणारं कोणी उरत नाही. तुमच्याकडे कसं चालतं?

मुळशीकर

नमस्कार मंडळी. आम्ही काही जण मिळून एक छोटी पायथन लायब्ररी चालवतो, जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारी. श्री-लिपी, क्रुतिदेव, शिवाजी असल्या फॉन्टमध्ये वर्षानुवर्षं टाईप झालेले ग्रामपंचायतीचे ठराव, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांच्या पेजमेकर फाईली, हे सगळं आज दुसऱ्या मशीनवर उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात, त्याचं परत मराठी करायचं. लायब्ररीचं नाव मुद्दाम देत नाहीये, जाहिरातीसाठी धागा काढलेला नाही.

प्रश्न असा आहे की माणसं येतात. ऑक्टोबरात येतात, गूगलच्या समर ऑफ कोड उपक्रमाच्या आधी जानेवारी ते मार्चमध्ये तर भरपूर येतात. पण मर्ज करायचा, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घ्यायचा, अधिकार दोघांकडे, दोघांनाही नोकऱ्या, घरी लहान मुलं, त्यामुळे एखादा चांगला पीआर तीन-तीन आठवडे पडून राहतो आणि तोवर तो पाठवणारा पोरगा गायब झालेला असतो, मग आपण बदल सुचवले तरी उत्तर द्यायला पलीकडे कोणी नसतं. जिथे जावं तिथे चर्चा एकच, कॉन्ट्रिब्युटर कसे वाढवायचे. माझं ठाम मत झालंय की कमतरता तिथे नाहीच. पंगत भरलेली आहे, वाढपी दोन आहेत, आणि आपण अजून पाट मांडतोय.

२०२० चा हॅक्टोबरफेस्ट, डिजिटलओशन कंपनीचा ऑक्टोबरातला ओपन सोर्स उपक्रम, आठवत असेल. चार पीआर पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, त्यात एका यूट्यूब व्हिडिओत रीडमीमध्ये (प्रोजेक्टची ओळख देणारी फाईल) एखादा शब्द घालून पीआर कसा पाठवायचा हे दाखवलं गेलं आणि जगभरच्या मेंटेनरांच्या, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांच्या, इनबॉक्समध्ये "अमेझिंग प्रोजेक्ट" असं शीर्षक बदलणारे पीआर कोसळले. शेवटी डिजिटलओशनला चालू महिन्यातच नियम बदलावा लागला, ज्या रेपोने (प्रोजेक्टच्या कोडचं कोठार) स्वतःहून सहभाग घेतला असेल तिथलेच पीआर मोजायचे. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्सप्रेस या वेब फ्रेमवर्कच्या रेपोवर परत तेच झालं, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकवणाऱ्या एका हिंदी व्हिडिओत उदाहरण म्हणून तो रेपो घेतलेला, आणि पोरांनी रीडमीमध्ये आपापली नावं घालून पीआर पाठवले. मला त्या पोरांचा राग येत नाही. त्यांना पीआर कसा पाठवायचा एवढंच कोणीतरी शिकवलं, पलीकडे एक माणूस बसून तो वाचतो हे कोणी सांगितलंच नाही.

तर ज्यांनी प्रोजेक्ट वाढवलेत किंवा जवळून पाहिलेत त्यांनी लिहा, बघणारी माणसं तयार कशी करायची? आणि अधिकार द्यायचा कधी?

जुना_खिळा

मुळशीकर, विषय जिव्हाळ्याचा काढलात. मी छापखान्यातला माणूस, डीटीपी करण्यात आयुष्य गेलं. कोड मला येत नाही, पण हे फॉन्ट मला डोळे मिटून येतात. तुमच्यासारख्याच एका कन्व्हर्टरवाल्यांना (तुमचा नव्हे) मी पूर्वी चूक कळवली होती, उत्तर आलं "पुल रिक्वेस्ट पाठवा" आणि इश्यू, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद. आता मी ती कुठून पाठवणार?

चूक काय होती ते सांगतो, म्हणजे कोड न येणारा माणूस काय देऊ शकतो ते कळेल. क्रुतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी इंग्रजी एफच्या जागी असते आणि ती अक्षराच्या आधी टाईप होते, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. रफार झेडच्या जागी, आणि तो अक्षराच्या नंतर टाईप होतो. म्हणजे "आर्थिक" टाईप करताना आ, मग वेलांटी, मग थ, मग रफार, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने लागतं: आ, र, हलंत, थ, वेलांटी, क. दोन्ही चिन्हं एकाच अक्षरावर आली की कन्व्हर्टर गडबडतो, आधी वेलांटी मागे सरकवतो आणि मग रफाराला थ ऐवजी ती वेलांटीच शेजारी दिसते, बाहेर पडतं "आथिर्क". नेटवर शोधून बघा, हा "आथिर्क" शेकड्याने सापडेल, मार्मिक, धार्मिक, वार्षिक सगळ्यांचं तेच झालंय. दुसरी गोष्ट दर्या आणि दऱ्या. हिंदीकडे बघून लिहिलेल्या कन्व्हर्टरला तो अर्धा ऱ माहीतच नसतो, मग सह्याद्रीतल्या दऱ्यांचा समुद्र होतो.

हे सांगायला माझ्यासारखे अजून बरेच आहेत, बेळगावपासून नागपूरपर्यंत. आमच्याकडून ते घ्यायची सोय कुठल्याच प्रोजेक्टमध्ये दिसत नाही. गिटहबवर (असे प्रोजेक्ट ठेवायची साइट) खातं उघडा म्हणतात, तिथेच आमचे निम्मे लोक परत फिरतात.

टर्मिनल_वाला

काकांना +१. "पीआर पाठवा" हे उत्तर बंद झालं पाहिजे.

मूळ प्रश्नाबद्दल. लिनक्स कर्नल (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एवढा का वाढला याचं उत्तर लोक तो सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सच्या हुशारीत शोधतात, मला ते मेंटेनर्स नावाच्या एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये दिसतं. कर्नलच्या रेपोत वरच पडलेली आहे ती. प्रत्येक भागापुढे माणसाचं नाव, मेलिंग लिस्ट, कुठल्या फाईली त्याच्याकडे, आणि स्थिती. स्थितीत "सपोर्टेड" म्हणजे कोणालातरी हे काम करायचा पगार मिळतो, "मेंटेन्ड" म्हणजे माणूस बघतोय, "ऑड फिक्सेस" म्हणजे जमेल तसं, आणि "ऑर्फन" म्हणजे अनाथ, कोणी नाही. पॅच, म्हणजे कोडमधला बदल, कुणाला पाठवायचा हे एक स्क्रिप्ट त्या फाईलीतून काढून देते. नवीन माणसाला लिनसला गाठायची गरज नाही, त्याला त्या एका ड्रायव्हरचा माणूस हवा असतो. आणि अनाथ हा शब्द उघडपणे लिहायची सवय मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे मेंटेनर दोन वर्षं गायब असतो आणि रीडमीत प्रोजेक्ट जोरात चालू असतो.

दुसरं उदाहरण गिट. एप्रिल २००५ मध्ये लिनसने सुरू केलं, जुलैमध्ये जुनिओ हमानोच्या हातात दिलं, अजून तोच बघतोय. सुरू करणाऱ्याने स्वतः सोडलं, तेही काही महिन्यांत, प्रोजेक्ट तेजीत असताना! सप्टेंबर २०१८ मध्ये लिनसने आपल्या वागण्याबद्दल माफी मागून सुट्टी घेतली तेव्हा कर्नलच्या ४.१९ आवृत्तीचं रिलीज ग्रेग क्रोआ-हार्टमनने पूर्ण केलं. कोणाचं काही अडलं नाही. प्रोजेक्ट वाढलाय की नाही याची माझ्यापुरती परीक्षा हीच, मुख्य माणूस महिनाभर गेला तर रिलीज निघतं का.

मुळशीकर, तुमच्या लायब्ररीत फॉन्टनुसार फाईली वेगळ्या आहेत ना? मग एकेक फॉन्ट एकेकाला देऊन टाका. श्री-लिपीचं टेबल बघायला सगळी लायब्ररी कळायची काय गरज?

कडीकुलूप

टर्मिनल_वाला, देऊन टाका म्हणणं सोपं आहे. मी सिक्युरिटीत काम करतो, आणि २९ मार्च २०२४ नंतर हे वाक्य मला सहज पचत नाही.

एक्सझेडचं प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. एक्सझेड ही फाईल कॉम्प्रेस करायची लायब्ररी, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते. वर्षानुवर्षं एक माणूस सांभाळत होता, लासे कॉलिन, विनामोबदला. २०२१ पासून "जिया टॅन" नावाच्या खात्यावरून पॅच यायला लागले, चांगले, उपयोगी पॅच. २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर दुसऱ्याच काही नावांनी तक्रारी सुरू झाल्या, काम हळू चाललंय, मेंटेनर बदला. कॉलिनने तेव्हा लिहिलं होतं की मानसिक आरोग्याचा त्रास आहे आणि हा बिनपगारी छंदाचा प्रोजेक्ट आहे. दबाव वाढत गेला, जिया टॅनला अधिकार मिळाले, पुढे रिलीजही तोच करायला लागला, आणि ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचा दरवाजा, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, घातला गेला. दुष्ट भाग टेस्टच्या बायनरी फाईलींमध्ये लपवलेला, आणि तो चालू करणारी बिल्डची ओळ गिटमध्ये नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (लोकांना डाउनलोड करायला देतात ती फाईल) होती. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा संशय आला म्हणून सापडलं, नाहीतर सगळीकडे पोचलं असतं.

म्हणजे ज्याला तुम्ही आदर्श कॉन्ट्रिब्युटर म्हणाल, नियमित, नम्र, चिकाटीचा, तोच तो होता. आता सांगा अधिकार कधी द्यायचा?

मुळशीकर

कडीकुलूप, हे लिहिलंत ते फार बरं झालं, हीच भीती आमच्या दोघांच्या मनात आहे आणि त्या भीतीपायीच आम्ही कोणाला काही देत नाही. पण मला या प्रकरणातून उलटं दिसतं. कॉलिनच्या जोडीला खरोखरचे तीन-चार जण आधीपासून असते तर दबाव टाकणाऱ्या मेलना उत्तर द्यायला एकटा दमलेला माणूस नसता, कोणीतरी म्हणालं असतं की थांबा, घाई कसली. एकटेपणा हीच तर फट होती.

आणि अधिकार म्हणजे एकच किल्ली असते असं आपण धरून चालतो, तसं नसायला हवं. कुबरनेटीस या सर्व्हरवरचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये पायऱ्या आहेत, आधी मेंबर, त्यासाठी आधीपासूनच्या दोघांनी शिफारस करावी लागते, मग रिव्ह्यूअर, मग अप्रूव्हर, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ओनर्स नावाची फाईल, त्या फोल्डरपुरतंच कोण बघणार आणि कोण मंजुरी देणार ते लिहिलेलं. "मी वाचलं, ठीक वाटतं" आणि "घेऊया" ही दोन वेगळी मतं असतात तिथे. रिव्ह्यूअर करायला काय धोका आहे? त्याच्या हातात मर्ज नाहीच.

हे सगळं असूनही तिथेसुद्धा एक कोपरा सुटला. इन्ग्रेस एनजिनेक्स, बाहेरून आलेल्या वेब विनंत्या आत पोचवणारा भाग, अक्षरशः असंख्य कंपन्या ज्याच्यावर बसलेल्या, तो वर्षानुवर्षं एक-दोन माणसं रात्री आणि शनिवार-रविवारी सांभाळत होती. मदत मागून झाली, फारसं कोणी आलं नाही, नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की मार्च २०२६ पर्यंत जमेल तसं बघू, नंतर बंद. वापरणारे वाढले म्हणजे कम्युनिटी वाढली असं होत नाही, हे इतक्या मोठ्या जागी बघून मला खरंच वाईट वाटलं.

नवी_पालवी

सगळ्या दादा-ताई-काकांना नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर ऑक्टोबर आणि जीसॉकच्या (समर ऑफ कोडच्या) गर्दीबद्दल लिहिलंय, त्या गर्दीत मी पण असते म्हणून आमची बाजू सांगते.

आम्हाला कॉलेजात सिनिअर सांगतात की "गुड फर्स्ट इश्यू" (नवख्यांसाठी सोपं काम) लेबल शोध आणि खाली लिही, प्लीज असाइन धिस टू मी. एकेका इश्यूखाली अशा पंधरा-वीस कमेंट असतात, काम कोणीच करत नाही, सगळे वाट बघतात. मी एका प्रोजेक्टला (नाव नको) छोटा बदल पाठवलेला, उत्तरच आलं नाही, हो नाही, नाही नाही. मला वाटलं मी काहीतरी मूर्खासारखं केलं असणार. मग दुसऱ्या ठिकाणी पाठवला तिथे दोन दिवसांत एका ताईंनी लिहिलं की "पाहिला, शनिवारी नीट बघते, तोवर ही टेस्ट चालवून बघ." एवढंच! मी अजून त्याच प्रोजेक्टवर आहे. बदल मर्ज व्हायला नंतर महिना लागला पण मला त्याचं काही वाटलं नाही, कारण माणूस आहे हे कळलं होतं.

अजून एक, लिबरऑफिसमध्ये "ईझी हॅक्स" म्हणून इश्यू असतात, त्यात कोडमध्ये कुठे बघायचं याचे पॉइंटर लिहिलेले असतात. खूप प्रोजेक्टमध्ये गुड फर्स्ट इश्यू म्हणजे मेंटेनरला ज्याचा कंटाळा आलाय ते काम, त्यात कुठल्या फाईलीत बघायचं एवढं जरी लिहिलं ना तरी आम्ही करू. आणि मला मुळशीकर सरांना विचारायचंय, विद्यार्थ्यांना रिव्ह्यू करायला का सांगत नाही कोणी? म्हणजे कोड लिहायच्या आधी? दुसऱ्याचा पीआर उतरवून चालवून बघणं मला जमेल, पण मी कोण सांगणारी असं वाटतं.

टर्मिनल_वाला

पालवी, शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे. कर्नलमध्ये यासाठी अधिकृत जागा आहे, पॅचखाली "टेस्टेड-बाय" आणि "रिव्ह्यूड-बाय" अशा ओळी नावासकट कायमच्या इतिहासात जातात, "साइन्ड-ऑफ-बाय"च्या शेजारी. मी चालवून पाहिलं, माझ्या मशीनवर असं झालं, हे सांगायला कोणाची परवानगी लागत नाही. नावाने नोंद झाली की माणूस दुसऱ्यांदा येतो. मुळशीकर, हे उद्यापासून सुरू करता येईल, खर्च शून्य.

बोस्टनची_शरयू

मी जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कच्या आसपास बरीच वर्षं आहे, वापरणारी म्हणून जास्त, अधूनमधून तिकिटं बघते. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक म्हणजे जँगोने २०२० मध्ये "कोअर टीम" बरखास्तच केली. कारण काय, तर कोअर हे बिरुद एवढं मोठं झालं होतं की नवीन लोकांना वाटायचं आपण त्या पंक्तीतले नाही, आणि बिरुद असलेले बरेच जण प्रत्यक्षात कधीच काम सोडून गेलेले. त्याऐवजी मर्जर आणि रिलीजर अशा कामाच्या नावाच्या भूमिका ठेवल्या आणि तांत्रिक निर्णय सगळ्यांसमोर. दुसरं, त्याच्याही आधीपासून, साधारण २०१४ पासून, जँगो फाउंडेशन फेलो नेमते, पगार देऊन. त्यांचं काम नवीन फीचर लिहिणं नाहीये! तिकिटं चाळायची, पॅच बघायचे, सिक्युरिटीचे मेल, रिलीज, नवीन माणसाला उत्तर. म्हणजे ज्या कामाला टाळ्या पडत नाहीत त्याला पैसे. माझ्या मते ओपन सोर्समध्ये पैसे आले तर पहिले इथे गेले पाहिजेत, टी-शर्टवर नाही आणि हॅकाथॉनच्या पिझ्झावर तर मुळीच नाही.

पैशाशिवाय काय होतं ते २०१४ च्या हार्टब्लीड या सुरक्षेतल्या चुकीने दाखवलं. अर्ध्या इंटरनेटचं कुलूप म्हणजे ओपनएसएसएल, आणि त्यांच्या फाउंडेशनला वर्षाच्या देणग्या मिळायच्या दोन हजार डॉलरच्या आसपास. नंतर लिनक्स फाउंडेशनने कंपन्यांना एकत्र आणून निधी उभा केला, पण आग लागल्यावर. भारतात झिरोधाने २०२४ मध्ये फ्लॉस फंड काढलाय, वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत, जगातल्या कुठल्याही प्रोजेक्टला, रेपोत एक छोटी जेसॉन फाईल ठेवायची किती आणि कशासाठी हवेत ते लिहून. मुळशीकर, तुमच्यासारख्यांनी बघायला हरकत नाही, पण आधी ठरवा की पैसे आले तर ते कोणाच्या कुठल्या तासांसाठी.

कडीकुलूप

शरयूताई, पैशाचा मुद्दा पटला, पण पैसा एकाच कंपनीचा असला की कम्युनिटी कितीही मोठी दिसली तरी छत ठरलेलं असतं. हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या टेराफॉर्म या साधनाचं ओपन सोर्स लायसन्स बदलून बंधनं घातली, रेडिस या डेटाबेसवाल्यांनी मार्च २०२४ मध्ये. बाहेरच्यांनी वर्षानुवर्षं दिलेले पॅच त्यांच्या हातात काहीच अधिकार ठेवत नव्हते. ओपनटोफू आणि वाल्की हे त्यांचे फोर्क (त्याच कोडवरून वेगळे काढलेले प्रोजेक्ट) लिनक्स फाउंडेशनकडे गेले, चाललेत व्यवस्थित, रेडिस पुढे एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सवर परत आलं, पण तोवर गेलेली माणसं गेली. पायथनच्या स्टिअरिंग कौन्सिलचा एक नियम मला यासाठी आवडतो, पाच जणांत एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त नकोत. पायथनचा निर्माता ग्विदो व्हॅन रॉसम २०१८ मध्ये पीईपी ५७२ या भाषेतल्या बदलाच्या प्रस्तावावरच्या भांडणाला वैतागून बाजूला झाला, उत्तराधिकारी नेमला नाही, तुम्हीच ठरवा म्हणाला, आणि लोकांनी खरंच बसून, वेगवेगळे प्रस्ताव लिहून, मतदान करून ठरवलं. भांडण कितीही वाईट होतं तरी त्यातून घटना निघाली.

आणि एआयचं काय करताय मंडळी? कर्ल या नेटवरून डेटा आणणाऱ्या साधनाच्या प्रोजेक्टने २०१९ पासून चालू असलेली बग शोधणाऱ्यांना पैसे द्यायची योजना जानेवारी २०२६ अखेर बंद केली, कारण एआयने लिहिलेले भारदस्त दिसणारे खोटे रिपोर्ट. लिहायला दोन मिनिटं आणि खोटं आहे हे सिद्ध करायला अर्धा दिवस. मुळशीकर म्हणतात ते बघणाऱ्यांचं दुर्भिक्ष आता दसपट होणार आहे.

मुळशीकर

एआयचे पीआर आमच्याकडेही येतायत. फॉन्टच्या टेबलात तर एआय बिनधास्त ठोकून देतं, अमुक कोड म्हणजे ज्ञ, खात्रीने, आणि तिथे असतो क्ष. मी कोणालाही एआय वापरू नका असं सांगणार नाही, पण मला एक अट घालावीशी वाटते, टेबलात बदल करणाऱ्या प्रत्येक पीआरबरोबर खऱ्या छापील मजकुराची एक ओळ हवी, फॉन्टमध्ये कशी आहे आणि कागदावर कशी दिसते. ज्याच्या हातात कागद नाही त्याला ती देता येणार नाही. ही अट माणसालाही लागू, एआयलाही.

वरचं सगळं वाचून आणि काल जोडीदाराशी फोनवर बोलून आम्ही जे ठरवलंय ते लिहितो, चुकत असेल तर बोला. फॉन्टनुसार मालकीची फाईल करणार, टर्मिनल_वाला म्हणाले तशी, आणि ज्या फॉन्टला कोणी नाही तिथे स्पष्ट "अनाथ" लिहिणार. ज्याने एका फॉन्टवर चार-पाच पीआर नीट बघितलेत, म्हणजे बघितलेत, लिहिले नव्हेत, त्याला त्या फॉन्टपुरतं मंजुरी द्यायला आम्ही स्वतः विचारू, त्याने मागायची वाट बघणार नाही. अपाचे फाउंडेशनच्या प्रोजेक्टमध्ये हे असंच चालतं, कमिटर (थेट कोड बदलायचा अधिकार असलेला) व्हायला अर्ज नसतो, आतले लोक नाव सुचवतात, मतदान होतं, मग बोलावतात. त्यांची ७२ तासांची पद्धतही घेतोय, कुठलाही मोठा बदल लिस्टवर टाकायचा आणि किमान तीन दिवस थांबायचं, म्हणजे शनिवार-रविवार मध्ये आला, कोणी अमेरिकेत असलं तरी बोलायला वेळ मिळतो, आणि कोणी काही बोललं नाही तर संमती धरायची. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर काही ठरलं तरी लिस्टवर आल्याशिवाय ते ठरलं असं नाही. हे आम्हालाच सगळ्यात जड जाणार आहे, कारण आजवर आम्ही दोघं फोनवरच सगळं उरकत आलोय.

रिलीजच्या किल्ल्या मात्र दोघांकडेच राहणार, कडीकुलूप यांचं ऐकून, आणि पॅकेज कोणाच्या लॅपटॉपवर बनणार नाही, गिटच्या टॅगवरून सीआयवरच (आपोआप बिल्ड करणारा सर्व्हर) बनणार. तिसरा माणूस कधी घ्यायचा ते उघडं ठेवलंय.

आणि पालवी, पुढच्या महिन्यापासून "बघून द्या" असं लेबल असलेले पीआर ठेवतो, त्यात काय चालवायचं आणि काय दिसलं पाहिजे ते लिहीन. नवीन माणसाला सुरुवात तिथून. तू कोण सांगणारी असं अजिबात समजू नकोस.

बोस्टनची_शरयू

छान. फक्त एक राहतंय, जाणाऱ्यांचं काय? येणाऱ्यांचे सगळे नियम केलेत. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात पॅकेज सोडायची रीतसर पद्धत आहे, एक बग नोंदवायचा की हे पॅकेज मी सोडतोय, कोणी दत्तक घ्या. आणि जे न सांगता गायब होतात त्यांची चौकशी करणारी वेगळी टीमच आहे, मेल टाकून विचारतात, बरे आहात ना, पॅकेज सांभाळणार का, नाहीतर दुसऱ्याला देऊ. माणसाला अपराधी न वाटता निघता आलं पाहिजे, मग तो दोन वर्षांनी परतही येतो. माझ्या ओळखीचे चांगले लोक ओपन सोर्समधून गेले ते भांडून नाही गेले, उत्तर द्यायची लाज वाटत गेली म्हणून गेले. वर्षातून एकदा प्रत्येक फॉन्टवाल्याला एक मेल टाका, पुढचं वर्ष बघणार का, आणि "नाही" हे उत्तर सोपं ठेवा.

मुळशीकर

घेतलं, मालकीच्या फाईलीतच शेवटच्या होकाराचा महिना लिहितो.

जुना_खिळा काका, आता तुमच्याकडे येतो. गिटहब खातं नको. एक ईमेल पत्ता ठेवतोय, त्यावर ओळी पाठवा, त्यांची टेस्ट आमच्यातलं कोणीतरी बनवेल आणि नोंदीत नाव तुमचं राहील, पाठवणाऱ्याचं नाही. "आथिर्क"वाली पहिलीच घेऊ. फक्त फॉन्टची फाईल पाठवू नका, हे बहुतेक फॉन्ट विकत घ्यायचे असतात, ते आम्ही रेपोत ठेवू शकत नाही. मजकूर आणि त्याचा कागदावरचा फोटो एवढं पुरे.

जुना_खिळा

पाठवतो. आमच्या ग्रुपवर पण टाकतो, सोलापूरचे एक आणि अकोल्याचे एक नक्की तयार होतील, त्यांच्याकडे जुन्या लग्नपत्रिका आणि अहवालांचे गठ्ठे आहेत. एक अडचण आधीच सांगून ठेवतो. पेजमेकरमधून मजकूर बाहेर काढला की फॉन्टचं नाव गळून पडतं, आणि आम्ही एकाच ओळीत शीर्षकाला एक आणि आकड्यांना दुसरा फॉन्ट सर्रास वापरायचो. नुसत्या ओळीवरून तुमच्या पोरांना कळायचं नाही कुठला तुकडा कशातला. मी प्रत्येक तुकड्याच्या आधी चौकटी कंसात फॉन्टचं नाव टाकून पाठवू का? की तुमच्याकडे काही वेगळी पद्धत आहे?

नवी_पालवी

काका, चौकटी कंस चालतील का ते मी आज रात्री बघते. क्रुतिदेवमध्ये कंसांच्या जागी पण अक्षरं बसवलेली दिसतायत, तसं असेल तर फॉन्टचं नाव वेगळ्या ओळीवर घ्यावं लागेल. उद्या इथेच लिहिते.